टॉर्टेक्स, नायलॉन की जॅझ थ्री: पिक घेताना

दुकानात पिक, म्हणजे गिटारच्या तारा छेडायची छोटी चकती, मागितला की काउंटरवरचा पोरगा हमखास विचारतो, "स्ट्रमिंग करता का लीड?" स्ट्रमिंग (सगळ्या तारांवरून हात फिरवत साथ) म्हणालात की पातळ पिक पुढे येतो, लीड (एकेक सूर छेडत धून) म्हणालात की जाड. हे निम्मं खरं आहे आणि उरलेल्या निम्म्यातच सगळी गोम आहे.

मी वसईचा. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला (सामूहिक प्रार्थनेला) क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, अकूस्टिक गिटार वाजवतो, लग्नसराईत हळदीच्या कार्यक्रमांना इलेक्ट्रिक घेऊन जातो आणि संध्याकाळी घरी मुलांना शिकवतो. त्यामुळे पिक हा माझ्यासाठी शौकापेक्षा खर्चाचा विषय आहे. हरवतात, झिजतात, मुलं तोंडात धरून चावतात. अनेक वर्षं वापरून जे पिक माझ्या डब्यात टिकले, त्यांच्याबद्दल हे लिहितोय. जे टिकले नाहीत तेही ओघात येतीलच.

पहिला नंबर डनलॉपच्या टॉर्टेक्सचा. (टायरवाल्या डनलॉपशी यांचा काही संबंध नाही, ही जिम डनलॉप नावाच्या स्कॉटिश माणसाने 1965 साली कॅलिफोर्नियात काढलेली कंपनी.) पूर्वी चांगले पिक समुद्री कासवाच्या कवचापासून बनत. सत्तरच्या दशकात त्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली आणि सगळे पर्यायाच्या शोधात लागले. 1981 साली आलेला टॉर्टेक्स हा त्यातलाच एक. डेलरिन नावाचं प्लास्टिक, त्याला पावडर लावल्यासारखा मॅट पृष्ठभाग आणि वर कासवाचं चित्र. रंगावरून जाडी कळते: लाल 0.50 मिमी, केशरी 0.60, पिवळा 0.73, हिरवा 0.88, निळा 1.0, जांभळा 1.14. स्टेजवर अंधारात पाकीट उघडलं तरी मोबाइलच्या उजेडात नेमका पिक सापडतो, ही माझ्या दृष्टीने मोठी सोय.

माझा रोजचा पिक पिवळा. अकूस्टिकला बारा नंबरच्या जाडीच्या तारा लावलेल्या असतात. प्रवेशगीताला अख्खं चर्च गात असतं, तेव्हा सगळ्या तारांवरून भरभरून हात फिरवायचा असतो. पिवळा पिक इथे पुरेसा वाकतो, तरी खालच्या सुराच्या जाड तारेवर दबत नाही. केशरीने तेच वाजवलं की सुरांच्या आधी प्लास्टिकचा फटफट आवाज ऐकू येतो, आणि गिटारसमोर माइक असला तर तो स्पीकरमधून आणखी मोठा होऊन बाहेर पडतो. पातळ पिकाची ही खोड शिकणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही, कारण वाजवणाऱ्याचा कान गिटारच्या मागे असतो आणि तो फटका पुढे जातो. खात्री करायची असेल तर मोबाइल दहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा आणि ऐका.

आता त्या निम्म्या खोट्याकडे येतो. माझ्याकडे अकरावीतला एक मुलगा येतो. अंगाने काडी, पण पिक असा आवळतो की अंगठ्याचं नख पांढरंफटक पडतं. दुकानदाराने स्ट्रमिंगसाठी म्हणून त्याला 0.50चा लाल दिला होता. तो पिक प्रत्येक डाऊनस्ट्रोकला (खाली जाणाऱ्या फटक्याला) पूर्ण दुमडायचा आणि सरळ होईपर्यंत अपस्ट्रोकची (वर येणाऱ्या फटक्याची) वेळ टळून जायची. त्याची लय पुढेमागे होते ती काउंट चुकल्यामुळे, असं त्याच्या आईला वाटत होतं. मी त्याला हिरवा 0.88 दिला आणि सांगितलं, "पडला तरी चालेल, पण सैल धर." पहिल्या दिवशी तो पिक गिटारच्या भोकात जाऊन पडला, गिटार उलटी करून हलवत बसलो. पुढच्या आठवड्यात लय जाग्यावर.

कारण साधं आहे. तारेला धडकल्यावर कुणीतरी नमतं घ्यावं लागतं. एक तर पिक वाकेल, नाहीतर बोटं आणि मनगट. बोटं सैल असतील तर जाड पिकसुद्धा बोटांत किंचित मागे वळतो आणि पातळ पिकाचं काम करतो, शिवाय आवाज भरीव येतो. बोटं घट्ट असतील तर सगळा भार पिकावर पडतो. म्हणून मी आता नवीन मुलाला आधी हात दाखवायला लावतो, आवडीचं गाणं नंतर विचारतो. हात जड असेल तर सुरुवातीला पिवळा, आणि जसजशी पकड सैल होईल तसा हिरवा. हात हलका असेल तर थेट हिरवा दिला तरी अडत नाही. लाल मी कुणालाच देत नाही.

डनलॉपचेच नायलॉनचे पिक ही वेगळी गंमत आहे. जाडी वाढत जाते तसा रंग पांढऱ्याकडून राखाडीकडे आणि पुढे काळ्याकडे जातो. पकडायच्या जागी उठावाची नक्षी असते, त्यामुळे घाम आला तरी सटकत नाही. कडा गोलसर, त्यामुळे तारेवरून जाताना टॉर्टेक्ससारखा कुरकुरीत नाद येत नाही. आवाज मऊ आणि थोडा गोल. अर्पणगीतासारख्या संथ गाण्यात, किंवा भावगीताच्या साथीला एकेक तार उलगडत वाजवायची असेल तिथे मला 0.73चा नायलॉन फार आवडतो. तुटायचं तर नाव घेत नाही. टोक झिजतं ते केसाळ होऊन: भिंगातून पाहिलं तर बारीक तंतू निघालेले दिसतात आणि तेच तंतू तारेवर खसखस करतात. पॉलिश पेपरवर दोनदा फिरवला की पुन्हा कामाला तयार.

फक्त पावसाळ्यात जपा. नायलॉन हवेतली ओल शोषतो आणि मऊ पडतो. जूननंतर वसईच्या हवेत माझा 0.73चा नायलॉन केशरी टॉर्टेक्सइतका लेचापेचा वाटायला लागतो. डेलरिन ओल जवळपास घेतच नाही. म्हणून मी पावसाळ्यात नायलॉन एक पायरी जाड वापरतो, 0.88. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत वाजवणाऱ्याला हे कदाचित जाणवणारही नाही.

सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचे पिक बहुतेकांना फेंडर या गिटार कंपनीच्या नावाने ठाऊक असतात: गोलसर त्रिकोण, कासवाच्या कवचासारखे तपकिरी डाग किंवा मोत्यासारखी झाक, वर थिन, मीडियम, हेवी असं लिहिलेलं. तो आकार 351 या नंबराने ओळखला जातो, आणि तो नंबर मुळात न्यूयॉर्कच्या डी'आंद्रेआ कंपनीचा. 1922 पासून ते सेल्युलॉइडचे पिक बनवतायत, म्हणजे रॉक अँड रोलच्या कितीतरी आधीपासून. आवाजाच्या बाबतीत माझं मत विचाराल तर अकूस्टिकवर मीडियम सेल्युलॉइडइतका उबदार नाद दुसऱ्या कशाचाच नाही. तारेला तो जणू बोटाच्या नखाने छेडल्यासारखा लागतो. पण झिजतो फार लवकर. माझ्या हळदीच्या एका रात्रीत त्याचं टोक एका बाजूने तिरकं कापल्यासारखं होतं, कारण मी पिक तारेला थोडा कलता धरतो आणि घासते ती एकच कड. घरी बसून वाजवणाऱ्यासाठी उत्तम. रात्रभर वाजवणाऱ्याने खिशात मूठभर ठेवावेत. आणि मेणबत्तीजवळ नेऊ नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं. क्वायरवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

हळदीचा विषय निघालाच आहे तर इलेक्ट्रिककडे वळू. कोळीगीतांच्या रांगेत माझं काम दोनच प्रकारचं असतं. एक, डाव्या हाताने तारा दाबून धरून उजव्याने छक-छक करत ठेका द्यायचा. दोन, गाण्याच्या मध्ये सनईचा किंवा की-बोर्डचा तुकडा कधीकधी गिटारवर वाजवायचा. पहिल्यासाठी पिवळा टॉर्टेक्स पुरतो. दुसऱ्यासाठी डनलॉपचाच जॅझ थ्री.

लाल नायलॉनचा जॅझ थ्री पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येक जण म्हणतो, "हा काय लहान मुलांचा पिक आहे का?" नेहमीच्या पिकापेक्षा बराच लहान, जाडी 1.38 मिमी आणि टोक अणकुचीदार. एवढ्या जाडीला वाकण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे तुम्ही तारेला जेवढं द्याल तेवढंच, त्याच क्षणी परत मिळतं. टोक लहान असल्याने तारेतून पटकन सुटतं. जलद तुकड्यात एक तार वर, एक खाली करत जाताना मोठा पिक तारांत अडकल्यासारखा वाटतो. याने तसं होत नाही. नावात जॅझ असलं तरी तो जॅझवाल्यांपुरता कधीच राहिला नाही. एरिक जॉन्सन या अमेरिकन गिटारवादकाच्या नावाने त्याची खास आवृत्ती निघते आणि मेटल वाजवणारी पोरं तर जॅझ थ्रीशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

दोष? स्ट्रमिंगला हा बेकार. सहा तारांवरून जोरात फिरवला की हात प्रत्येक तारेवर ठेचकाळतो, आणि बोटाची पेरं तारेला लागून सोलवटतात. मोठ्या हाताच्या माणसाला धरायला पुरेशी जागाही मिळत नाही. तशांसाठी जॅझ थ्री एक्सएल मिळतो: टोक तेच, अंग नेहमीच्या पिकाएवढं. मी आता तोच घेतो, कारण कार्यक्रमात ठेका आणि तुकडा यांच्यामध्ये पिक बदलायला सवड नसते आणि एक्सएलने ठेकाही कसाबसा निभावता येतो. नवशिक्याने पहिल्या वर्षी जॅझ थ्रीच्या वाटेला जाऊ नये. तो हाताच्या सगळ्या चुका लपवण्याऐवजी मोठ्याने सांगतो.

अल्टेक्स हा डनलॉपचाच आणखी एक पिक, तो थोडक्यात उरकतो. पिवळसर, अर्धपारदर्शक, टणक, झिजायला महिनोन्‌महिने लागतात. आवाज मात्र माझ्या कानाला फार चकचकीत. नव्या तारांवर तर टोचतो. जुन्या, मंद पडलेल्या तारांवर बरा वाटतो, म्हणून तारा बदलायचा कंटाळा करणाऱ्यांनी जरूर घ्यावा.

जाडी आणि प्लास्टिक ठरलं तरी एक गोष्ट उरते, ती फुकट आहे. तोच पिक तारेला समांतर धरा, आवाज सपाट आणि थेट येतो. थोडा कलता करा, पिकाची कड तारेवरून घसरते, आवाज मऊ होतो, पण जाड तारांवर खरखर वाढते, कारण त्यांच्यावर गुंडाळलेली तार असते. टोकाऐवजी पिकाच्या गोल खांद्याने वाजवलं तर अगदी मऊ नाद मिळतो. नवा पिक आणण्याआधी आहे त्याच पिकाने हे तिन्ही करून बघा, निम्म्या वेळा दुकानात जायची गरज पडत नाही. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे तर प्लास्टिकच्या भानगडीत न पडता जुन्या ब्रिटिश सिक्सपेन्स नाण्याने वाजवतो, नाण्याच्या दातेरी कडेचा खरखरीत स्पर्श त्याला हवा असतो. आपल्याकडे सरोदवाले नारळाच्या करवंटीचा जवा वापरतात. तोही ताठ, कारण सरोदच्या तारेला तसाच ठोस आघात लागतो.

खरेदीबद्दल एक तक्रार. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मोठ्या ब्रँडचं नाव छापलेलं स्वस्त पाकीट मागवलं होतं. पिकाच्या कडेवर साच्याची बारीक रेघ उभी होती, बोट फिरवलं तर बोचते, आणि 0.73 लिहिलेले दोन पिक एकावर एक ठेवले तर जाडी उघड्या डोळ्यांना वेगळी दिसत होती. पैसे परत मिळाले, पण तोवर पाकिटातले चार पिक मुलांच्या हातात गेले होते. तेव्हापासून मी पिक दुकानातून, बोट फिरवून घेतो. मुंबईला जाणं झालं तर धोबीतलावच्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात जातो. एक नग साधारण पन्नास रुपयांच्या आसपास पडतो, जॅझ थ्री थोडा जास्त. पहिल्यांदा घेणाऱ्याने एकाच जाडीचे सहा घेण्यापेक्षा पिवळा आणि हिरवा टॉर्टेक्स, 0.73चा नायलॉन आणि एक मीडियम सेल्युलॉइड असे चार वेगळे घ्यावेत, आणि एकच गाणं चारही पिकांनी वाजवून बघावं.

लहान मुलांसाठी मात्र मी यातला एकही घेत नाही. त्यांना मोठा, तीन सारख्या कोपऱ्यांचा त्रिकोणी पिक देतो. धरायला भरपूर जागा, गिटारच्या भोकात सहजासहजी पडत नाही, आणि एक कोपरा चावून खराब केला तरी दोन शिल्लक राहतात.