समुद्राच्या वाळूतून निघालेले दोन दागिने आणि इतवारीतला कारागीर

गुहागरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला धातुशोधक यंत्र घेऊन किनाऱ्यावर फिरण्याचा छंद आहे. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि पुढच्या काही महिन्यांत ती हळूहळू परत भरत जाते. वाळू अशी भरून येण्याआधीचे आठवडे शोधाला सर्वांत चांगले, हे त्याचे अनुभवाचे बोल आहेत. त्याचे यंत्र एकाच वारंवारितेवर चालणारे, साधे आहे. खारी ओली वाळू स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे पाण्याच्या कडेला असे यंत्र उगाचच वाजत राहते. म्हणून तो संवेदनक्षमता कमी करून संथपणे फिरतो. गेल्या दिवाळीनंतर, ज्या जागी त्यांच्या घरचा गणपती दरवर्षी विसर्जित होतो तिथेच, वीतभर खोलीवर त्याला मावशीचा वीस वर्षांपूर्वी पायातून निसटलेला चांदीचा पैंजण सापडला आणि चौथ्या दिवशी काकांची पोवळ्याची सोन्याची अंगठीही मिळाली. दोन्ही दागिने नीट करून आणण्याचे काम मावशीने माझ्यावर सोपवले.

नागपुरात ज्या पहिल्या दुकानात मी गेलो, तिथे अर्ध्या तासात तेजाबात बुडवून पांढरेशुभ्र करून देतो असे सांगण्यात आले. पाठोपाठ पैंजण मोडीत देऊन नवा घ्यावा, असा सल्लाही मिळाला. तिथून मी दागिने घेऊन परत निघालो, याचे मला आजही समाधान वाटते.

ज्या कारागिरांबद्दल हा अभिप्राय लिहीत आहे, त्यांची कार्यशाळा इतवारीच्या सराफ्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. ते प्रामुख्याने सराफांचेच काम करतात, दारावर पाटी नाही आणि नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. सराफ्यात जुनी चांदी उजळणाऱ्या कारागिराची चौकशी केल्यास वाट सापडते. दागिना हातात घेण्याआधी तो कोणाचा, कुठून आला, हे त्यांनी विचारले आणि मावशीच्या लग्नातला फोटो पाहिल्यावरच काम स्वीकारले. ही विचारणा मला फार योग्य वाटली. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागू होतो. किनाऱ्यावर यंत्र घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला एवढे तरी माहीत असायला हवे.

पैंजण काळा ठिक्कर पडला होता आणि कड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यांनी तो आधी चार दिवस साध्या पाण्यात ठेवला आणि रोज पाणी बदलले, कारण आत मुरलेले मीठ निघाल्याशिवाय उजळलेली चांदी पुन्हा डागाळते. त्यानंतरचे काम त्यांनी माझ्यासमोर केले. पसरट भांड्यात ॲल्युमिनियमचा पातळ कागद अंथरला, त्यावर पैंजण ठेवला, सोडा घातला आणि कढत पाणी ओतले. लगेच बारीक बुडबुडे उठले, सडक्या अंड्याचा उग्र वास आला आणि कडेच्या एका कडीवरचा काळा रंग राखाडी होत होत माझ्या डोळ्यांदेखत चांदीत परतला. तो काळा थर म्हणजे चांदी आणि गंधक यांचे संयुग असते आणि त्यात वजनाने सुमारे ८७ टक्के चांदीच असते. घासून किंवा तेजाबाने तो काढला की ती चांदी कायमची जाते. या पद्धतीत गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागच्या जागी राहते. पुढे रिठ्याचे पाणी, मऊ ब्रश आणि बांबूची टोकदार काडी एवढ्यावरच काम झाले. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा त्यांनी मुद्दाम राखला. “सारं काळं काढाचं नाही भाऊ, नक्षी मरते,” हे त्यांचे वाक्य मी विसरणार नाही.

अंगठीच्या बाबतीत त्यांची खरी कसोटी होती. पोवळे म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तेजाबाचा थेंबही त्याला खातो. ध्वनिलहरींनी दागिने धुणारे यंत्र तिथे बाजूलाच होते, पण कंपनांनी कोंदण सैल होईल म्हणून त्यांनी अंगठी त्यात टाकली नाही. कोमट पाणी, सौम्य साबण आणि काडी यांनी कोंदणातला वाळूचा कण न् कण त्यांनी काढला. बावीस कॅरेटच्या सोन्यावर आलेली लालसर झाक मऊ कापडाने पुसली गेली. वाळूने घासून खरबरीत झालेले पोवळे त्यांनी तसेच ठेवले, आणि तेच बरोबर होते.

दोन्ही दागिन्यांचे वजन त्यांनी आधी आणि नंतर माझ्यासमोर काट्यावर घेतले. पैंजण ४२.३८० ग्रॅम होता, तो ४१.९६० भरला, कमी झालेल्या वजनातली वाळू त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून दिली. अंगठीत फक्त १० मिलिग्रॅमचा फरक पडला. मजुरी एकूण ६५० रुपये झाली. सराफांच्या कार्यशाळेतला केर धुऊन सोने काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जगले, त्यावरून सफाईत किती धातू जाऊ शकतो याचा अंदाज यावा. म्हणून वजन लिहून घेतल्याशिवाय दागिना कोणाच्याही हाती देऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

उणिवाही आहेत. चार दिवस सांगितले होते, प्रत्यक्षात नऊ दिवस लागले, आणि विलंबाचा निरोप आला नाही. पावती मागितल्यावरच मिळाली, तीही साध्या चिठ्ठीवर. जिना अंधारा आणि उंच पायऱ्यांचा असल्याने वयस्कर व्यक्तींनी सोबत घेऊनच जावे.

दागिने घेताना त्यांनी जोडीतल्या दुसऱ्या पैंजणाची चौकशी केली. तो मावशीने इतकी वर्षे डब्यात जपून ठेवला आहे. तो आणल्यास दोन्हींची झाक सारखी करून देईन आणि त्याची वेगळी मजुरी घेणार नाही, असे ते म्हणाले. मावशी मे महिन्यात नागपूरला येते आहे. येताना तो डबा सोबत आणायला मी तिला सांगितले आहे.