ताइनानची देवळांची फेरी: मूर्ती नसलेल्या देवासाठी जा

दोन वर्षं मी डायोनिसियस या ख्रिस्ती लेखकाचा इ.स. 500 च्या आसपासचा छोटासा ग्रीक ग्रंथ मराठीत आणायला झटतेय. देवाबद्दल जे जे म्हणाल ते नाकारत जायचं आणि शेवटी तो नकारही सोडून द्यायचा, अशी त्याची वाट; हिलाच निषेधाची, म्हणजे नकाराची, ईश्वरविद्या म्हणतात. ज्या काळ्या मेघात बायबलमधला मोशे देवाला भेटतो, त्याला 'अंधार' म्हणावं की 'झाकोळ', इथे गाडं अडलंय. त्यामुळे तैवानमध्ये, ताइनान शहरात असताना 'निषेधाची ईश्वरविद्या आणि चिनी लोकधर्म' अशी तीन तासांची पायी फेरी दिसली तेव्हा मुक्काम एका दिवसाने वाढवला.

सुरुवात नगरदेवाच्या देवळापासून, ते 1669 चं. आत शिरलं की वर पाटी दिसते, तीन अक्षरांत जणू 'आलास ना?' असं विचारणारी. भला मोठा अबॅकसही टांगलाय. हा देव म्हणजे अंमलदार. त्याला हुद्दा आहे, हाताखाली खाती आहेत, प्रत्येकाच्या पापपुण्याचा हिशेब आहे. चुलीचा देव वर्षअखेरीस स्वर्गाच्या राजाकडे, जेड सम्राटाकडे, घराचा अहवाल घेऊन जातो, म्हणून लोक त्याच्या तोंडाला चिकट गोड काहीतरी लावतात, हे वाटाड्याने फार रंगवून सांगितलं. ऐकायला मजा आली, पण यात निषेध कुठे, हे मला कळेना.

ते कळलं थ्येनकुंगच्या, म्हणजे याच जेड सम्राटाच्या, देवळात. हे 1854 चं. मागच्या दालनात मूर्ती आहेत, पण सर्वांत थोरल्या देवाची, खुद्द जेड सम्राटाची, मूर्तीच नाही. त्याच्या जागी नाव लिहिलेली उभी पाटी. देवळातल्या प्रसिद्ध फलकावर एकच आडवी रेघ आहे, म्हणजे 'एक' हा अंक, आणि तिच्याभोवती बारीक अक्षरांची चौकट. बाकीच्या देवळांतही लोक आधी बाहेर तोंड करून आकाशाला हात जोडतात, मग आत वळतात. वाटाड्या इथे दहा मिनिटं गप्प बसला. त्या दहा मिनिटांसाठी मी पुन्हा पैसे भरेन.

पुढे मात्र तो म्हणाला, 'बघा, दोन्हीकडे तेच.' हे मला पटलं नाही. डायोनिसियस शिल्पकाराचा दाखला देतो: जास्तीचा दगड काढला की दडलेलं रूप आपोआप दिसतं. ताइनानमध्ये छिन्नी कुणी उचललेलीच नाही. आकाश इतकं थोर की त्याचं रूप कोण घडवणार, हा तिथला भाव. तो अदबीतून येतो, शब्द थिटे पडले म्हणून नव्हे. शिवाय पाटीवर पदवीसकट नाव आहेच. उलट खरं साम्य वाटाड्याच्या हातून निसटलं: डायोनिसियसनेही देवाच्या नावांवर वेगळा ग्रंथ लिहिलाय. आधी भरपूर नावं घ्यायची, मगच ती ठेवून द्यायची.

ख्रिस्ती बाजू एकूणच घाईत उरकली. 1329 मध्ये पोपने एकहार्ट या जर्मन गूढवाद्याची काही विधानं धिक्कारली, एवढंच कानावर पडलं. याच वाटेने जाणाऱ्या मायमोनिडीस या मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञाचा तर उल्लेखही नाही. पण नेहमीसारखं ताओवादी लाओत्सेला पुढे करून सोपी तुलना केली नाही, हे मोठंच. उदबत्त्या लावणारी, फळं मांडणारी माणसंच दाखवली.

फेरी इंग्रजीत असते, आम्ही आठजण होतो. कानात घालायला दिलेलं यंत्र सारखं खरखरत होतं, तेव्हा वाटाड्याच्या जवळच चाला. नगरदेवाकडे वेळ कमी आणि थ्येनकुंगकडे जास्त द्या, असं मी त्यांना लिहून कळवलंय.

शेवटी प्रत्येकाला 'प्वे' टाकायला देतात, म्हणजे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होकार, दोन्ही फुगीर आल्या तर नकार. मी मनात 'झाकोळ' धरला आणि टाकले. दोन्ही सपाट बाजू वर आल्या. देव हसला, प्रश्न नीट विचारा, असा त्याचा अर्थ सांगतात. मागे रांग होती, मी तुकडे पुढच्या बाईंच्या हातात दिले.