एनडीए की ओटीए? सोलापूरच्या मुलींसाठी

सैन्यात अधिकारी व्हायचं हे ठरलेलं असतं. पण बारावीनंतर लगेच एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा द्यायची, की पदवी करून चेन्नईच्या ओटीएला, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीला जायचं, इथं बऱ्याच जणी अडतात. मीही अडले होते आणि पदवीची वाट धरली. नौदल किंवा हवाई दलच हवं असेल, तर ओटीएचा विचार नको. ते फक्त भूदलासाठी आहे.

एनडीएची बाजू भक्कम आहे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं मुलींना परीक्षा खुली झाली, 2022 मध्ये पहिल्या 19 जणी खडकवासल्यात दाखल झाल्या आणि मे 2025 मध्ये त्यातल्या 17 जणी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. या वाटेनं कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकारीपदाची नेमणूक मिळते. ओटीएतून नेमणूक आधी दहा वर्षं, वाढवून चौदा. कायम व्हायचं तर पुन्हा निवड. 1992 मध्ये पहिल्या महिला अधिकारी आल्या तेव्हा तर मुदत पाचच वर्षांची होती. कायदा आणि शिक्षण शाखांपलीकडे कायम कमिशन मिळायला सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल यावा लागला.

हे सगळं माहीत असूनही माझी एनडीए सुटली ती गणितामुळं. गणित येत नव्हतं असं नाही. 900 पैकी 300 गुणांचा तो पेपर, आणि त्याचा क्लास भरायचा सकाळी सहा ते आठ. सोलापुरात फेब्रुवारी सरला की पळायला तेवढीच वेळ उरते. नंतर ऊन उभं राहू देत नाही आणि संध्याकाळी रस्ता तापलेलाच असतो. जानेवारीत गड्डा यात्रेमुळं होम मैदानही मिळत नाही. क्लास धरला की पळणं बुडायचं, पळायला गेलं की क्लास. त्यातच बोर्डाची परीक्षा, मागोमाग एप्रिलमध्ये एनडीए, आणि वर साडेएकोणीसची वयोमर्यादा. वर्षभर जीव नुसता टांगणीला.

पदवीच्या वाटेवर मला पहाट परत मिळाली. ओटीएसाठी सीडीएस या लेखी परीक्षेला गणिताचा पेपर नाही. एनसीसीचं सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडनं मिळालं आणि पदवीला 50 टक्के असले, की लेखी परीक्षाच नाही, थेट एसएसबी, म्हणजे सैन्याची निवड-मुलाखत. जागा मात्र थोड्या. मुलाखतीत बोलायला कॅम्पमधलं स्वतःचं काहीतरी होतं, ते सतराव्या वर्षी माझ्याकडे नसतं असं मला तरी वाटतं. शिवाय विचारायला आधीच्या जणी आहेत. तोफखान्यात 2023 मध्ये गेलेल्या पहिल्या पाच जणी ओटीएच्याच. पायदळ आणि रणगाडे मात्र दोन्ही वाटांनी अजून बंद आहेत.

एक अडचण खरी आहे. पदवी होईपर्यंत घरी स्थळं येऊ लागतात आणि ओटीएला अविवाहित असावं लागतं. हे वडिलांशी पहिल्याच वर्षी बोलून घ्या.

दुपारचा क्लास मिळत असेल तर एनडीए जरूर द्या, मुलींना परीक्षेची फीही नाही. नसेल, तर कॉलेज सुरू होताच एनसीसीत नाव घाला. मुलींच्या जागा लवकर भरतात.