लातुरातील परसबाग आणि रानभाज्यांचा वर्ग

लातूरमधील एका संस्थेने जुलै महिन्यात घेतलेल्या परसबाग आणि रानभाज्यांच्या वर्गाला आम्ही उभयतांनी हजेरी लावली. तीन रविवारांचे शुल्क माणशी ६०० रुपये होते आणि त्यात चहा, बियांची पाकिटे व एक पुस्तिका मिळाली. पहिले दोन रविवार सभागृहात गेले, तिसरा औसा रस्त्यालगतच्या एका शेतात. आमचे पैसे वसूल झाले ते या तिसऱ्या रविवारी.

सभागृहातील व्याख्याते बाहेरगावचे होते. त्यांचा अभ्यास चांगला असला, तरी सारे विवेचन लाल माती आणि रोज येणारे नळाचे पाणी गृहीत धरून चालले होते. आमच्याकडे कुंडीत भरायला मिळते ती काळी चिकण माती, जी ओली असताना मुळांना गुदमरवते आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, त्यामुळे वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. तिच्यात कुजलेले शेणखत आणि कोकोपीट भरपूर मिसळावे, ही गोष्टसुद्धा एका गृहस्थांनी विचारल्यावर सांगण्यात आली. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कुंड्यांवर धरणाऱ्या पांढऱ्या थराचा तर विषयच निघाला नाही. ज्या शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ‘रोज सायंकाळी भरपूर पाणी द्या’ हे वाक्य ऐकून मागच्या रांगेत हशा पिकला, तो उगाच नव्हे.

शेतावर मात्र शिकवायला त्याच शिवारातील एक मावशी होत्या. कुर्डू आणि तरोटा फुलावर येण्यापूर्वी, कोवळा असतानाच खुडावा, येथून त्यांनी सुरुवात केली. घोळीसारखी दिसणारी, जमिनीलगत पसरणारी दुसरी एक वनस्पती त्यांनी देठ मोडून दाखवली. ‘दूध निघालं की टाकून द्यायचं, चव बघायला जायचं न्हाई,’ एवढ्या एका वाक्यात घोळीची ओळख पक्की झाली. तणनाशक फवारलेल्या सोयाबीनच्या बांधावरची कोणतीही भाजी घरी न्यायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही. कडवंची निवडून, तेलात परतून, दाण्याचे कूट लावून कशी करावी, हे सांगताना त्या इतक्या रंगल्या की चहा थंड झाला.

कर्टुल्याचा वेल फुलतो पण फळ धरत नाही, ही अनेकांची तक्रार होती. नर आणि मादी वेल वेगळे असतात, मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलेसे काटेरी फळ आधीच दिसते आणि जवळपास नर वेल नसेल तर ते गळून पडते, हे त्यांनी दोन्ही फुले शेजारी धरून समजावले.

उणिवाही आहेत. चाळीस माणसे एका बांधावर नेल्याने मागच्यांना काही ऐकू येत नव्हते. पुस्तिकेतील छायाचित्रे कृष्णधवल असल्याने पाने ओळखण्यासाठी तिचा उपयोग शून्य आहे. घोळीत ऑक्झलेटचे प्रमाण जास्त असल्याने मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती जपून खावी, ही सूचना तरी तिच्यात छापायला हवी होती. केवळ शेतावरच्या दिवसासाठी वेगळे शुल्क ठेवता येईल का, अशी विचारणा आम्ही आयोजकांकडे केली आहे.

मावशींनी दिलेला कर्टुल्याचा एक कंद आम्ही गच्चीवरील कुंडीत लावला असून, तो नर निघतो की मादी हे वेल फुलावर आल्यावरच कळेल.