भंवरकुआची 'लायब्ररी': कथा लिहायला कशी आहे?

नावाला लायब्ररी, आत पुस्तक एकही नाही. प्लायवूडचे कप्पे, एसी, वायफाय, आरओचं पाणी आणि मान खाली घालून बसलेली पीएससीची पोरं. एमपीपीएससीचं, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं ऑफिस इंदुरातच असल्यामुळे भंवरकुआच्या गल्ल्यांत अशा लायब्रऱ्या पावलोपावली आहेत. त्यातल्या एकीत मी सकाळच्या शिफ्टची सीट घेतली, दिवाळी अंकाच्या कथेसाठी. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "आंटी, कौनसी एक्झाम?" म्हटलं, "कहानी." त्यानं रजिस्टरात 'अदर' लिहिलं.

रामबागेतल्या घरी टेबल आहे, खिडकीही आहे. पण घरी मूड यायची वाट बघत बसता येतं. इथे सात वाजता अंगठा लावायचा, मोबाइल लॉकरमध्ये टाकायचा, आणि शेजारचा पोरगा आधीच तिसऱ्या पानावर असतो. लाजेकाजेस्तव वही उघडावीच लागते.

अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरीला होता. (1852 मध्ये जर्सी बेटावर रस्त्यातल्या टपालपेट्या आल्या त्या याच्याच सूचनेवरून.) हा गृहस्थ कामावर जाण्याआधी पहाटे साडेपाचला बसायचा आणि घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द लिहायचा. तो वेग मला झेपणारा नाही. पहिला अर्धा तास पेन खाली ठेवायचं नाही, एवढंच मी त्याच्याकडून उचललं.

माझ्या कप्प्यात आधीच्या कुणीतरी राज्यघटनेच्या अभ्यासाची पिवळी चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे: 'अनु. 280 – वित्त आयोग'. खाली निळ्या पेनाच्या दोन रेघा, दुसरी जरा थरथरलेली. खिडकी नाही, त्यामुळे मान वर केली की तीच दिसते. कथेतला भाचा पानंच्या पानं नुसता दारात उभा होता, बेकार. एका सकाळी काहीच सुचेना, तेव्हा ही चिठ्ठी त्याच्या खोलीत लावून टाकली. मग ती दुसरी रेघ कुणाची, असा प्रश्न आला. मामीची निघाली! सगळे झोपल्यावर मामी त्याची पुस्तकं वाचत होती. मी घरी असते तर त्याच वेळी उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले असते.

तक्रारी आहेतच. खुर्ची भिकार, पाठीला उशी न्यावीच लागते. शिफ्ट बदलताना दाराची करकर थांबत नाही. संवाद मोठ्यानं म्हणून बघायची सोय नाही. मी ते जिन्यात उरकते, वॉचमननं आता दचकायचं सोडलंय. संध्याकाळची शिफ्ट लिहिणाऱ्यांनी घेऊच नये, पोरं दमलेली असतात आणि कुजबुज फार. शिवाय खरडलेलं तपासायला ही जागा अजिबात नाही, ते काम घरीच.

तीन महिन्यांचं पॅकेज स्वस्त म्हणून गळ्यात मारतात, पैसे परत मिळत नाहीत. आधी एकच महिना घ्या. सीट दारापासून लांबची मागा, पण एसीच्या थेट खाली नको. शाल मात्र न्या, भर मे महिन्यातसुद्धा. बाराला सुटल्यावर खाली पोहे मिळतात, पोहेवाला जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) सढळ हातानं घालतो.