डीव्हीडी प्लेअरची ‘लेन्स’ बदलताना: नुसता पिकअप की पूर्ण डेक?

डिस्क घातली, ट्रे आत गेला, आतून दोन-तीनदा टिकटिक झाली आणि पडद्यावर ‘नो डिस्क’. जुन्या डीव्हीडी प्लेअरचं हे नेहमीचं दुखणं. त्यावर सर्रास घेतला जाणारा सुटा भाग म्हणजे लेझर टाकून डिस्क वाचणारा लेझर पिकअप, बोलीत ‘लेन्स’. इथे परीक्षण आहे ते एसएफ-एचडी ८५० या पिकअपचं. रचना मूळ सान्योची, पण तिच्याबरहुकूम बनवलेले पिकअप अनेक कंपन्यांच्या घरगुती प्लेअरमध्ये असतात, म्हणून हा भाग मिळायला सोपा. तो दोन रूपांत येतो: नुसता पिकअप, किंवा दोन्ही मोटर (एक डिस्क फिरवणारी, एक पिकअप सरकवणारी), गिअर आणि पिकअप ज्यांवरून सरकतो त्या दांड्यांसकट चौकटीवर बसवलेला पूर्ण डेक. घरी दुरुस्ती करणाऱ्याने पूर्ण डेकच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण आधी खात्री करा की दोष खरंच पिकअपचा आहे. ‘नो डिस्क’ दिसलं की लेन्स गेली असं धरून चालणं, ही या दुरुस्तीतली सगळ्यात मोठी चूक.

प्लग काढा, झाकण उघडा. पॉवर सप्लायच्या पाटीवरच्या मोठ्या कपॅसिटरला हात लावू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यात सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकू शकतो. दुसऱ्या बाजूचे छोटे कपॅसिटर मात्र निरखून पाहा. एखाद्याचं डोकं सपाट न राहता फुगलं असेल, तर दोष तिथेच असण्याची शक्यता दाट. पुन्हा वीज देऊन पाहिल्यावर ५ व्होल्टच्या लाइनवर डिस्क फिरायला लागताना मल्टीमीटर ४.७५ व्होल्टच्या खाली उतरत असेल, तर नवी लेन्स घालूनही काही होणार नाही. प्लग काढून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचा, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा, कमी ईएसआरचा (म्हणजे कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर लावा. धन-ऋण बाजू उलटी होऊ देऊ नका.

मग स्पिंडल मोटर, म्हणजे डिस्क फिरवणारी. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला मिनिटाला १,४००च्या आसपास फेरे लागतात आणि काठाशी येईपर्यंत ते ६००च्या आत येतात. म्हणजे मोटरची खरी परीक्षा सुरुवातीलाच होते. तिची जोडणी सोडवा, दोन टोकांना मल्टीमीटर ओहमवर लावा आणि मोटरवरची, डिस्क टेकते ती चकती बोटाने अगदी सावकाश फिरवा. आकडा मध्येच तुटून अनंतावर जात असेल, तर आतले ब्रश झिजलेत. अशी मोटर कधी सुरू होते, कधी नाही, आणि बोल लेन्सला लागतो.

पिकअपची तपासणी डोळ्यांनी होते, पण बाजूनेच. लेन्सच्या वर डोळा कधीही नेऊ नका. चालू करताच लेन्स वर-खाली हलते, फोकस शोधते, आणि तिरकं पाहिलं तर बारीक लाल ठिपका दिसतो. हा ६५० नॅनोमीटरचा डीव्हीडीचा लेझर. सीडीसाठी त्याच पिकअपमध्ये ७८० नॅनोमीटरचा दुसरा लेझर असतो. म्हणून सीडी छान वाजते आणि डीव्हीडी लागत नाही, अशा वेळी मोटर आणि सप्लाय ठीक असतील तर लाल लेझर क्षीण झालाय असं समजायला हरकत नाही. आणखी एक खूण: एक थराची डीव्हीडी चालते, पण दोन थरांची अडखळते. एक थराची डिस्क ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवते, दोन थरांची फक्त १८ ते ३०. थकलेला लेझर तिथे उघडा पडतो.

विकत घेण्याआधी एकदा सफाई करून पाहावीच. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचं बोंड जेमतेम ओलं करा आणि वजन न टाकता मधून बाहेर फिरवा. लेन्स केसासारख्या तारांवर लोंबकळते, जरा दाबली तर कायमची तिरकी होते. थिनर किंवा अॅसिटोन वापरलं तर प्लॅस्टिकची लेन्स दुधाळ होऊन जाते. ब्रशवाली सफाईची डिस्क आम्ही सुचवणार नाही. प्लेअर डिस्कच ओळखत नसेल तर ती फिरणार किती वेळ?

आता नवा भाग. त्याच्या लवचीक पाटीवर दोन टोकं जोडणारा मोहरीएवढा सोल्डरचा चकाकता ठिपका असतो. बोटांतल्या स्थिर विजेने लेझर डायोड मरू नये म्हणून कारखान्यात तो दिलेला असतो. आधी पिकअपला प्लेअरशी जोडणारी तारांची चपटी पट्टी सॉकेटमध्ये सरळ, शेवटपर्यंत बसवायची, मग बारीक टोकाच्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दोन-तीन सेकंदांत ठिपका उचलायचा, आणि त्यानंतरच वीज द्यायची. ठिपका राहून गेला तर लेन्स हलते, पण लाल प्रकाश येत नाही. चांगला भाग ‘खराब निघाला’ म्हणून परत जातो तो बहुधा यामुळेच. पट्टी तिरकी राहिली तर मात्र डायोड खरोखर जळू शकतो. जुनी पट्टी काढण्याआधी पिना मोजा, संपर्काची बाजू कोणती ते पाहा आणि फोटो काढून ठेवा.

नुसता पिकअप स्वस्त पडतो, पण काम नाजूक. दांड्या सोडवताना त्यांच्या टोकांचे लाख लावलेले स्क्रू हलले तर डिस्कशी असलेला कोन बिघडतो, आणि तो घरी जुळवणं जवळपास अशक्य. गिअरमध्ये जाणारी दातेरी पट्टी दुपदरी असेल, तर दोन्ही पदर एक दाता सरकवून स्प्रिंग ताणलेल्या अवस्थेतच बसवावी लागते. नाहीतर पिकअप सरकताना हिसके देतो. शिवाय जुनी मोटर तशीच राहते. पूर्ण डेकमध्ये कोन, चकतीची उंची, नवी मोटर सगळं एकत्र येतं. चार स्क्रू, दोन-तीन जोडण्या, बस. फक्त जुन्या डेकखालचे चार रबरी बूच जपून ठेवा, ते सोबत येतीलच असं नाही.

तक्रार आहे ती मालाच्या बाबतीत. जुने पिकअप पुसून नवे म्हणून विकले जातात. लेन्सवर वर्तुळाकार ओरखडे, गिअरवर काळपट ग्रीस, सोल्डरचा ठिपका आधीच काढलेला, किंवा बाजूच्या प्रीसेटवर (लेझरचा करंट ठरवणाऱ्या बारीक फिरत्या स्क्रूवर) स्क्रू ड्रायव्हरची खूण, यातलं एकही दिसलं तर घेऊ नका. प्रीसेट फिरवून मेलेली लेन्स काही दिवस जिवंत करता येते, पण वाढवलेल्या करंटवर डायोड लवकर जळतो. आपल्या जुन्या पिकअपवरही हा उपाय करू नका.

बसवल्यावर दोन थरांची डीव्हीडी लावून चित्रपटाच्या मध्यापर्यंत पुढे जा. थर बदलताना क्षणभर थांबणं चालेल, गोठणं नाही. मग शेवटच्या भागावर उडी मारा आणि परत पहिल्यावर या. पिकअप आत परतताना ‘कट-कट’ असा आवाज आला, तर आतल्या टोकाचा लिमिट स्विच, म्हणजे पिकअप टोकाला पोहोचल्याचं कळवणारा स्विच, दाबला जात नाहीये. तिथली वायर वाकली आहे का ते पाहून मगच झाकण लावा.