गच्चीवरचा ६ बाय ३ फुटांचा कापडी वाफा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वाफा एचडीपीई (चिवट प्लास्टिक) कापडाचा, ६ फूट लांब, ३ फूट रुंद, १ फूट उंच, २२० जीएसएम (कापडाचं चौरस मीटरला वजन, ग्रॅममध्ये). जागा पुण्यातली उघडी गच्ची. मेअखेरीस भरला, आता जानेवारी संपतोय. कापडाबद्दल फारशी तक्रार नाही. भाजी चांगली येते की नाही, हे ठरतं ते वाफा कशाने आणि कसा भरला यावर.

आधी वजनाचं. हा वाफा १८ घनफुटांचा. नुसत्या मातीने भरला तर भिजल्यावर ८००-९०० किलो होतो. आयएस ८७५ (भाग २) हे भारतीय मानक ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतं, म्हणजे एवढ्या जागेला २५० किलो. पालापाचोळ्याचा वाफा नुसत्या मातीच्या वाफ्याहून बराच हलका, पण पावसात तोही भरपूर पाणी धरतो. म्हणून तो खालच्या भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवरच मांडावा, स्लॅबच्या मधोमध नको. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं. वाफ्याखाली विटा आणि त्यांवर फळ्या हव्यातच. थेट लादीवर ठेवला तर खाली पाणी साचून शेवाळ धरतं आणि गळतीचा पत्ताही लागत नाही.

भरण्याची पद्धत कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या वाटेवरची, म्हणजे माती थोडी आणि काडीकचरा जास्त. तळाला ३ इंच नारळाची सोडणं. त्यावर चिपाड (रस काढलेला ऊस) आणि सुका पाला. रसवंतीवरचं ताजं चिपाड गोड असतं, मुंग्या आणि चिलटं येतात. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवूनच घ्यावं. मग ते २४ तास जीवामृतात भिजवायचं. जीवामृताचं माप: २० लिटर पाण्याला १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती. ४८ तास सावलीत, दिवसातून दोनदा ढवळून. दर ४ इंच काडीकचऱ्यावर अर्धा इंच माती आणि शेणखत, आणि प्रत्येक थर पायाने घट्ट दाबायचा. वरचे २ इंच माती आणि शेणखत निम्मेनिम्मे, त्यात १ किलो निंबोळी पेंड.

घट्ट दाबूनही ऑगस्टअखेर १२ इंचांचा थर ७ इंचांवर आला. हे बिघडल्याचं लक्षण नाही, कुजणं नीट चाललंय एवढाच अर्थ. पावसात छत्र्या उगवल्या, त्याही निरुपद्रवी.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे भरल्याबरोबर पेरणी. चिपाडात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी. ते कुजवणारे जिवाणू असलेलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, म्हणून महिन्याभरात पालक आणि मेथी पिवळी पडते. मग लोक पाणी वाढवतात आणि मुळं सडतात. जून ते ऑगस्ट या वाफ्यात, कडेचं आलं सोडलं तर, फक्त मूग, चवळी आणि ताग टाकावा, फुलावर येण्याआधी कापून तिथेच पसरावा आणि वर शेणखताचा थर द्यावा. खरी लागवड सप्टेंबरपासून.

मेथीला ५० ग्रॅम बी पुरतं, महिन्याभरात काढणीला येते. धणे रगडून दोन फाकी करून १२ तास भिजवावे. ओल जास्त झाली की कोथिंबिरीची रोपं बुडाशी कोलमडतात. त्यासाठी ५ किलो शेणखतात ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशीची पूड) मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवून मग टाकावं. एका कडेला मेअखेरीस लावलेलं आलं आता काढायला आलंय, आणि या भुसभुशीत भरणात ते फारच छान पोसतं. गाजराने मात्र निराशा केली. खालच्या अर्धवट कुजलेल्या तुकड्यांना अडून मुळं फाटे फोडतात. पुदिना आणि गवती चहा इथे लावूच नये, दोघेही वाफा गिळतात.

शेणखत कच्चं असेल तर हुमणी हमखास. पांढरी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी रात्रंदिवस मुळं खाते आणि वर रोप उभ्याउभ्या सुकतं. हाताला गरम न लागणारं, मातीचा वास येणारं खतच चाळून घ्यावं. पालेभाजीवर शेण-गोमूत्राची फवारणी नको. द्यायचं ते मुळाशी, तेही काढणीआधी किमान १५ दिवस थांबवावं.

पाण्याचा अंदाज वरून लागत नाही. पृष्ठभाग सुकलेला असतो आणि तळाशी सोडणं चिंब असतात. दोन इंच बोट खुपसून वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती, पाहावा, मगच झारी उचलावी.

कापडाचं म्हणाल तर लांब बाजू मधोमध फुगल्या. पीव्हीसी पाइपच्या चौकटीचे कप्पे असलेला वाफा घेणं बरं. मधलं कापड शाबूत आहे, पण दक्षिणेकडच्या कोपऱ्याची शिवण उन्हाने विरू लागलीय. दुसरा घेताना ३५० जीएसएमचा आणि दुहेरी शिवणीचा घ्यावा. फेब्रुवारीत आलं काढल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा ४ इंच पाला आणि शेणखत भरून, वर आच्छादन घालूनच उन्हाळी भेंडी टोचायची.